पाटी, सत्कार की कायम ठेव? मोठ्या देणगीदाराचं नाव कुठे लावायचं

वाचनालयाला नाहीतर ट्रस्टला कुणी लाखभर रुपये दिले की कमिटीत पहिला विषय हाच निघतो, आणि उत्तर ठरलेलं, संगमरवरी पाटी. खर्च एकदाच, दारातच दिसते, देणाऱ्याची नातवंडं येऊन फोटो काढतात. पण अक्षरांतला रंग चार पावसाळ्यांत उडतो, आणि पुढच्या वर्षी जास्त देणारा आला की माझं नाव खाली का म्हणून रुसवे. आमच्या पाटीवर तर सगळ्याच नावांआधी कै. लागलं आणि त्यातले दोन काका उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसलेले! चूक आमचीच, प्रूफ कुणी बघितलंच नव्हतं.

पंख्याच्या पात्यावर 'यांच्या स्मरणार्थ' नको बाबा, चालू असताना वाचता येत नाही आणि वाचता येतं तेव्हा पंखा बंद पडलेला असतो.

सत्कार स्वस्त, शाल-श्रीफळात भागतं, फक्त आधी विचारा, काहींना स्टेज नकोच असतं.

हॉलला नाव द्यायचं तर रक्कम तशी हवी. पुण्यात १९१६ ला न्यू पूना कॉलेज सुरू झालं, जमखंडी संस्थानच्या देणगीनंतर त्याला सर परशुरामभाऊंचं नाव मिळालं आणि आज सगळे एसपी म्हणतात, मुंबईत जमशेटजी जीजीभाईंचंही जेजेच झालं. म्हणजे नाव राहतं पण आद्याक्षरांपुरतं. हॉलच्या नावाला मुदत घाला, वीस वर्षं वगैरे, नाहीतर पुढे दुरुस्तीला पैसे देणाऱ्याला काय देणार?

मला विचाराल तर कायम ठेव. लाखाची एफडी, साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला ६५०० येतात, त्यात दहावीच्या मुलांना त्या नावाने बक्षीस होतं आणि दरवर्षी माईकवर ते नाव कुणीतरी घेतंच. कटकट आहे, व्याजदर खाली आला की बक्षीस लहान होतं, एफडी रिन्यू करायला कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं, शिवाय ही रक्कम कॉर्पससाठी, म्हणजे मूळ पैसे न खर्चता राखून ठेवायच्या निधीसाठी आहे असं देणाऱ्याकडून लेखी घ्यावं लागतं, ऑडिटर मागतोच.

आणि यातलं काहीही ठरलं तरी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळते ती पावती वेळेवर द्या. २००० च्या वर रोख घेतलीत तर त्यावर त्यांना वजावट मिळत नाही, चेक नाहीतर ऑनलाइनच घ्या. शाल घालून पाठवलेला माणूस मार्चनंतर पावतीसाठी चार फोन करत असेल तर पुढच्या वर्षी तो तुमचा फोन उचलणार नाही.