सोनामुखी: अख्खं पान, पावडर की गोळी?

काष्ठौषधीच्या दुकानात बद्धकोष्ठावर घेतात ती सोनामुखी अख्ख्या पानांत, चूर्णात आणि क्वचित शेंगांत मिळते. औषधाच्या दुकानात तिचीच गोळी असते. निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यायचीच असेल तर अख्खं पान घ्या, नाहीतर मिलिग्रॅम छापलेली गोळी. सुट्या चूर्णाला पाचपैकी एक, आणि तोही पाकिटावरच्या छपाईला.

सोनामुखी हे शेंगावर्गातलं झुडूप, मूळचं सुदान, इजिप्त आणि येमेनच्या कोरड्या मुलखातलं. युनानीवाले तिला सना मक्की म्हणतात. आपल्या बाजारातलं पान तमिळनाडूच्या तिरुनेलवेली-तुतिकोरिन पट्ट्यातलं, नाहीतर राजस्थान-कच्छकडचं. पाणी साचलं की झाड मरतं, वाळूत मात्र तगतं. (तुरीसारखी ही जमीन सुधारेल या आशेवर लावणाऱ्यांसाठी: शेंगावर्गातली असूनही हिच्या मुळांवर गाठी धरत नाहीत.)

पाकीट फोडलं की आधी रंग बघा. चांगलं पान पिवळसर हिरवं असतं. तपकिरी पडलेलं असेल तर ते एकतर ओलीत राहिलंय किंवा जुनं आहे. एक पान तळहातावर घ्या. लांबी अडीच ते पाच सेंटिमीटर, मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळतं, कडा सलग, टोकाला बारीकसा काटा. खरी खूण बुडाशी आहे: मधल्या शिरेच्या दोन बाजू देठाशी समोरासमोर येत नाहीत, एक बाजू खाली उतरते. गठ्ठ्यात दाबून आलेल्या मालावर तिरप्या रेघांचे ठसे दिसतात, तो दोष नव्हे. चघळलं तर आधी बुळबुळीत, मग कडू.

भेसळीत ओळखीचं नाव म्हणजे आपल्या माळरानावरचा तरवड. त्याची पानं लांबट गोल, टोकाला बोथट आणि लवदार. त्यात सेनोसाइड, म्हणजे सोनामुखीतली पोट साफ करणारी द्रव्यं, नसतात; म्हणजे पैसे गेले आणि काम शून्य. भुई तरवडाचं पान टोकाकडे रुंद होत जातं, तेही बाजूला काढा. मग देठ वेगळे करून तोला. युरोपीय औषधकोशाची मर्यादा ३ टक्के आहे, म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात ३ ग्रॅमपेक्षा जास्त काड्या निघाल्या तर दुकानदाराला परत करा. तळाशी वाळू किरकिरत असेल तर तो माल चाळलेलाच नाही.

चूर्णात यातलं काहीच तपासता येत नाही. देठ, वाळू, तरवड, सगळं एकाच हिरवट भुकटीत. सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत एकपेशीय केस दिसतात, पण घरी सूक्ष्मदर्शक कोणाकडे असतो? फार्मसी कॉलेजातली नेहमीची बोर्नट्रॅगर चाचणी (अशी द्रव्यं रंगावरून ओळखण्याची) इथे थेट चालत नाही. आधी फेरिक क्लोराइड आणि आम्लात उकळून सेनोसाइड तोडावे लागतात, मगच अमोनियाने गुलाबी रंग येतो.

त्याहून मोठी अडचण मात्रेची. सेनोसाइड ए आणि बी हे दोन मुख्य प्रकार रसायनशास्त्रज्ञ स्टोल यांनी १९४१ मध्ये वेगळे केले. झाडावरच्या ताज्या पानात ते फारसे नसतातच. पान हळूहळू सुकताना त्यातली विकरं (एन्झाइम) अँथ्रोन नावाच्या रेणूंच्या जोड्या जुळवतात आणि सेनोसाइड तयार होतात. कडक आचेवर घाईने सुकवलेला माल म्हणूनच हलका पडतो. औषधकोशाला वाळलेल्या पानात किमान २.५ टक्के लागतात. म्हणजे १ ग्रॅम पानात २५ मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रात्रीची मात्रा १५ ते ३० मिलिग्रॅम. आता चहाचा चमचा भरून चूर्ण घ्या: सपाट भरला तरी साधारण २ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम. शीग लावली तर हिशेब सोडाच. पाकिटावर ‘१ ते २ चमचे’ छापणाऱ्यांनी तराजू बघितलेला नसावा.

पान वापरण्याची रीत सोपी आहे. दागिन्यांच्या छोट्या काट्यावर १ ग्रॅम पान तोला, देठ काढा. कपभर गरम पाणी ओता, खळखळतं नको. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळून झोपताना घ्या. काढ्यासारखं आटवत बसू नका, त्याने सेनोसाइड तुटतात. पोटात मुरडा येत असेल तर तेवढंच पान थंड पाण्यात दहा-बारा तास भिजवून गाळा. बडीशेप किंवा सुंठ घालायची जुनी पद्धत मुरड्यासाठीच आहे, पंचसकार चूर्णात दोन्ही असतात. शेंगा मिळाल्या तर त्या पानापेक्षा सौम्य, पण आपल्याकडच्या दुकानांत ताजा माल क्वचित.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घाईने. सेनोसाइड जठरात आणि लहान आतड्यात फुटत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांची साखर काढतात, आतड्याला हलवणारा ऱ्हाइन अँथ्रोन मोकळा होतो आणि तिथून काम सुरू. याला सहा ते बारा तास जातात. दोन तासांत काही झालं नाही म्हणून दुसरा कप घेतला की दुसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले. लघवी पिवळट-लालसर झाली तर घाबरू नका, तो याच द्रव्याचा रंग.

गोळीचा एकच फायदा, पण मोठा: मोजमाप. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ८.६ मिलिग्रॅमची मिळते, इथल्या पाकिटांवरचे आकडे वेगळे, तेव्हा आधी वाचा.

‘वजन घटवणारा’ चहा मात्र घेऊच नका. घटकांत सनाय, स्वर्णपत्री, सेन्ना किंवा कॅसिया अँगुस्टिफोलिया लिहिलं असेल तर ती सोनामुखीच. जातं ते पाणी आणि पोटॅशियम, चरबी नाही. एका आठवड्यापलीकडे रोज घेऊ नये. हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच, सोबत ज्येष्ठमध तर मुळीच नको, तेही पोटॅशियम उतरवतं. बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, आणि पोटात कारण न कळता दुखत असेल तर पाकीट बंदच ठेवा. गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नये.

उरलेलं पान काचेच्या घट्ट बरणीत, उजेडापासून दूर. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर ५० ग्रॅमच घ्या. ओल लागलेलं पान वाळवून पूर्वीसारखं होत नाही.