देवनागरी पाट्या, कंदिलाची जाळी आणि इंकस्केप

लेझर कटिंगच्या दुकानात घराची पाटी किंवा आकाशकंदील करून घ्यायला गेले की पहिला प्रश्न येतो तो ‘फाइल आणली आहे का?’ हा. ही फाइल घरच्या घरी तयार करण्यासाठी गेली काही वर्षे मी इंकस्केप हे रेखाटनाचे विनामूल्य, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरत आहे. 2003 साली सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झालेल्या या सॉफ्टवेअरची 1.0 ही आवृत्ती यायला 2020 साल उजाडले, यावरून त्याच्या संथ पण चिकाटीच्या वाटचालीची कल्पना यावी. अक्षरे आणि नक्षी यांसाठी याच्याइतके सोयीचे दुसरे साधन मला मिळालेले नाही. मात्र खाचा जुळवून उभी करायची वस्तू यात आखणे म्हणजे विकतचे दुखणे आहे.

आधी अक्षरांविषयी, कारण मराठी माणसाला या साधनाचा खरा उपयोग तिथे आहे. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी थेट टंकता येते आणि जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता, बलू किंवा मोदक यांसारखे मुक्त फाँट वापरले, तर फाँटसाठीही खर्च येत नाही. त्यातला मोदक इतका गुबगुबीत आहे, की 3 मिलिमीटरच्या एमडीएफमधून (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीतून) कापलेले त्याचे अक्षर हातात घेतल्यावर मोडण्याची भीती वाटत नाही; याउलट बारीक वळणाच्या फाँटमधल्या वेलांट्या खोक्यातून घरी येईपर्यंतच तुटतात.

दुकानातल्या संगणकावर आपला फाँट असेलच असे नाही, म्हणून मजकूर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून द्यावा लागतो आणि नवशिक्याची फसगत नेमकी इथे होते. मजकुराचे असे रूपांतर केल्यावर प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र बंद आकार होतो आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या राहतात. काळा रंग भरलेला असताना पडद्यावर ती एकच सलग रेघ दिसते. पण ‘आउटलाइन’ दृश्य लावले की प्रत्येक जोडावर दोन बारीक उभ्या रेघा उघड्या पडतात. लेझरला रंग कळत नाही, तो रेघेवरून जातो. माझी पहिली ‘जोशी’ ही पाटी त्यामुळेच ‘जो’ आणि ‘शी’ अशी दोन तुकड्यांत हाती आली. सगळी अक्षरे निवडून एकदा ‘युनियन’ केले, म्हणजे त्यांचा एकच आकार केला, की हा प्रश्न मिटतो.

शिरोरेषा ही लेझर कापणाऱ्यासाठी तयार दोरी आहे. रोमन लिपीत सुटी सुटी पडणारी अक्षरे आपल्याकडे एकाच रेघेला लटकून राहतात. तरीही ‘शिंदे’ लिहिताना अनुस्वार सुटा पडतोच. त्याला वेलांटीशी जोडणारा दीड-दोन मिलिमीटरचा पूल काढावा लागतो आणि तो ओबडधोबड दिसू नये, यासाठी नोड, म्हणजे रेघेला वळण देणारे बिंदू, ओढत बसण्याखेरीज उपाय नाही. अक्षर कोरून आरपार काढायचे असेल, तर अडचण उलट होते: व, ब, क यांची पोटे गळून पडतात आणि पूल तिथे द्यावे लागतात. हे सर्व हातानेच करावे लागते, पण इंकस्केपची नोड हलवण्याची पद्धत इतकी मोकळी आहे, की या कामाचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

जाळीच्या बाबतीत तर कौतुकच करावे लागेल. ‘रोटेट कॉपीज’ हा परिणाम लावून एकच पाकळी काढली, की उरलेल्या सात आपोआप फिरून उभ्या राहतात आणि मूळ पाकळीचे टोक ओढले की आठही एकदम बदलतात. सलग जाळीसाठी ‘टाइल्ड क्लोन्स’मध्ये सममितीचे सतरा प्रकार दिलेले आहेत. कागदावरच्या रांगोळीचा फोटो ‘ट्रेस बिटमॅप’ या चित्राच्या रेघा करणाऱ्या सोयीतून काढण्याचा मोह मात्र आवरावा; त्यातून सहसा एका रेघेच्या दोन कडा आणि शेकडो अनावश्यक नोड मिळतात.

आता उणी बाजू. अष्टकोनी कंदिलासाठी मी 3 मिलिमीटर रुंदीच्या खाचा आखल्या होत्या. ‘3 मिलिमीटर’ म्हणून आणलेला प्लाय व्हर्नियर या बारीक मापाच्या साधनाने मोजल्यावर 2.7 भरला आणि लेझरने जाळलेल्या 0.15 मिलिमीटरमुळे खाच 3.15 झाली. जवळपास अर्ध्या मिलिमीटरच्या या ढिलाईने कंदील वाऱ्यावर खुळखुळ्यासारखा वाजू लागला. चूक माझीच होती, पण ती सुधारताना चोवीस खाचा एकेक करून बदलाव्या लागल्या, कारण पत्र्याची किंवा प्लायची जाडी एका ठिकाणी लिहून सर्व खाचांना त्याच्याशी बांधण्याची सोय इंकस्केपमध्ये नाही. फ्रीकॅड या मापांवर चालणाऱ्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा तक्त्यात एकदा बदलला की आराखडा पुन्हा जुळतो. साधी पेटी हवी असेल, तर बॉक्सेस.पाय हे मुक्तस्रोत साधन जाडी आणि जळणारी रुंदी विचारून दातेरी सांध्यांसह तयार रेखाटन देते. त्यामुळे हल्ली सांगाडा मी फ्रीकॅडमध्ये करतो, तो डीएक्सएफ या आराखड्यांच्या फाइल-स्वरूपात इंकस्केपमध्ये आणतो आणि जाळी तेवढी इथे भरतो.

फाइल बाहेर नेताना मापाची काळजी घ्यावी. 0.92 या आवृत्तीपासून इंकस्केपने एका इंचातील बिंदूंची संख्या 90 वरून 96 केली. जुना हिशेब धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंकस्केपची नेहमीची एसव्हीजी फाइल उघडली, तर 300 मिलिमीटरची पाटी 320 ची होऊ शकते. डीएक्सएफ काढताना एकक मिलिमीटर निवडावे आणि कोपऱ्यात 100 मिलिमीटरचा एक चौरस ठेवून, मशीन सुरू होण्याआधी दुकानदाराला तो त्याच्या पडद्यावर मोजायला सांगावे. मोजून झाल्यावर तो पुसायलाही सांगावे. माझ्याकडे असे तीन चौरस साठले आहेत.