मातीत कुजणारा मल्चिंग पेपर: पीएलएवाला घ्यावा की स्टार्चवाला?

कलिंगडाचा प्लॉट संपला की बेडवर अंथरलेला मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, काढायला मजूर लावावे लागतात. तरीही बेडच्या कडेला मातीत दाबलेली पट्टी तुटून तिथेच राहते. पुढच्या नांगरटीला तिच्या चिंध्या वर येतात, काही बांधावर उडतात, काही पेटवल्या जातात. साधा पॉलिथिनचा पेपर मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, म्हणून कुजणाऱ्या पेपरची चौकशी आता बरेच जण करतात. पण त्या पेपरकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो: पीक उभं असेपर्यंत फाटू नये, आणि पीक निघाल्यावर टिकू नये. निवड करताना याच दोन कसोट्या लावायच्या.

नुसत्या पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचा पेपर घेऊच नका. हे प्लास्टिक साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखं ताठ असतं. ओढलं तर जेमतेम पाच-सहा टक्के लांबतं आणि तुटतं. कंपोस्टच्या कारखान्यातल्या 58 अंशांच्या उष्णतेत ते चांगलं कुजतं, पण शेतातल्या मातीत फार सावकाश.

म्हणून बाजारातल्या बहुतेक कुजणाऱ्या पेपरांचा मुख्य भाग पीबीएटी नावाचं लवचीक प्लास्टिक असतो. हे खनिज तेलापासून बनतं, पण जंतू ते खाऊ शकतात, आणि ओढलं तर मूळ लांबीच्या पाचपट-सहापट ताणलं जातं. उणीव एवढीच की ते फार मऊ आहे. त्यात थोडं पीएलए घालायचं की स्टार्च, इथे दोन वाटा फुटतात.

पीएलएच्या वाटेत ताठपणा येतो, यंत्रावर पेपर नीट ओढला जातो. मात्र ही दोन प्लास्टिकं तेलपाण्यासारखी वेगळी राहतात. नुसती मिसळली तर त्यांच्या सांध्यावरच फाटतात. चांगला उत्पादक इपॉक्सी गट असलेलं जोडद्रव्य घालतो. ते दोन्हींच्या लांब रेणूंची, म्हणजे साखळ्यांची, टोकं एकमेकांना बांधतं आणि पेपरला चिवटपणा येतो. ओलाव्याने साखळ्या तुटतात तेव्हा आम्ल टोकं तयार होतात, आणि ती पुढची तूट आणखी वाढवतात. कार्बोडायइमाइडसारखी द्रव्यं ती टोकं बंद करून पेपरचं आयुष्य लांबवतात. ही मात्रा किती ठेवायची, यावरच पेपर तीन महिने टिकणार की सहा, हे बरंचसं ठरतं. पुरवठादाराला हा प्रश्न विचाराच. गडबडून गेला तर तो माल दुसऱ्याच कुणाचा आणून विकतोय असं समजायला हरकत नाही.

स्टार्चचा पेपर मातीतल्या जंतूंना लवकर सापडतो. आधी स्टार्च खाल्लं जातं, पेपरला बारीक छिद्रं पडतात आणि पुढचं काम सोपं होतं. पण स्टार्च पाणी ओढतं. सतत ओल्या बेडवर हा पेपर लवकर ढिला पडतो, कोरड्या उन्हात कडक होतो.

माझं मत सांगते. कलिंगड, खरबूज अशा अडीच-तीन महिन्यांच्या पिकाला स्टार्चवाला घ्या. टोमॅटो, मिरची पाच-सहा महिने उभी राहते, तिथे पीएलएवाला आणि जरा जाड घ्या. एकाच पेपरवर दोन पिकं काढायची असतील तर कुजणारा पेपर तुमच्यासाठी नाही. पॉलिथिनच वापरा, पण तो जाळू नका, गोळा करून भंगारात द्या. पीएचए नावाचं जंतूंनी बनवलेलं प्लास्टिक मातीत उत्तम कुजतं, पण त्याचे काही प्रकार साठवणीत दिवसेंदिवस ठिसूळ होतात.

रंग काळाच घ्या. पीबीएटीमधल्या बेंझिनच्या कड्या ऊन शोषतात. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींना जखडतात. जखडलेला पेपर ठिसूळ होतो आणि कुजायलाही जास्त वेळ घेतो. पेपरातली काळी कार्बनची पूड ते ऊन अडवते. मात्र उन्हाळ्यात काळा पेपर तापतो, म्हणून रोपाभोवतीचं भोक मोठं ठेवा. अंथरताना पॉलिथिनसारखा ताणू नका. यातून ओल थोडी जास्त उडते, तेव्हा ठिबकच्या वेळा पाहून ठरवा. कलिंगडाची फळं पेपरवर टेकली तर तुकडे सालीला चिकटू शकतात, हेही लक्षात असू द्या. आणि या हंगामापुरतेच रोल आणा, पत्र्याच्या शेडमधल्या उष्णतेने आणि दमटपणाने ते न वापरताच म्हातारे होतात.

प्रमाणपत्र वाचताना फसू नका. आयएस/आयएसओ 17088 हे कंपोस्टिंगसाठीचं मानक आहे, शेतातल्या मातीसाठीचं नाही. मल्चिंग पेपरसाठी युरोपचं ईएन 17033 आहे. त्यात साधारण 25 अंशांच्या मातीत 24 महिन्यांच्या आत 90 टक्के कुजणं अपेक्षित आहे. डोळ्यांना तुकडे दिसेनासे होणं म्हणजे कुजणं नव्हे, म्हणून हे प्रमाणपत्र मागायलाच हवं.

पहिल्या वर्षी दोनच बेड करा. पीक निघाल्यावर पेपरचे तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून वीतभर खोल पुरा, शेजारी पॉलिथिनचा एक तुकडाही पुरा, आणि दर महिन्याला पिशवी उकरून पाहा.