प्रेपची रोजची गोळी : दिवाळीपासूनचा अनुभव

दिवाळीच्या आधी सुरू केलेली प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी मी आजही रोज रात्री जेवण झाल्यावर घेतो. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. मी पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष आहे, इंदुरात रामबागेत एकत्र कुटुंबात राहतो आणि एचआयव्हीची धास्ती मला कॉलेजच्या दिवसांपासून आहे. गोळीबद्दल माझी तक्रार फारशी नाहीच. पण गोळी सुरू केली की धास्तीही जाते, असं कुणी सांगत असेल तर माझ्या बाबतीत तरी तसं झालं नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिले काही आठवडे मळमळ, पोटात गॅस, डोकं जड. वहिनी विचारायची, ‘आजही अर्धंच ताट का हो, भाऊजी?’ डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हा त्रास काहींना पहिल्या महिन्यात होतो आणि बहुधा आपोआप जातो. तसा तो गेलाही. खरी पंचाईत वेगळीच. एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं दिसलीच तर संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत दिसतात: ताप, घसा दुखणं, थकवा, अंगावर पुरळ, मानेतल्या गाठी सुजणं. म्हणजे गोळीचा त्रास आणि आपण ज्याला घाबरतो त्याची लक्षणं यांचा काळही एक आणि रूपही बरंचसं सारखं. त्यात इंदूरची थंडी. डिसेंबरात घरात सगळ्यांनाच व्हायरल झालं, भाच्यापासून आईपर्यंत. सगळ्यांचा घसा हा साधा घसा होता, फक्त माझा घसा मला वेगळा वाटत होता.

जबड्याखाली डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागायची. सकाळी दात घासताना आरशासमोर दोन बोटांनी दाबून बघायचो, ऑफिसात बाथरूममध्ये, मग रात्री झोपताना. दोन दिवसांत ती खरंच दुखायला लागली आणि दुखते म्हणून पुन्हा दाबणं वाढलं. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ही नेहमीची लसिका ग्रंथी आहे, सर्दीत थोडी फुगते, आणि दुखतेय ती दाबून दाबून. हात लावायचा नाही असं बजावलं. आठवडाभरात दुखणं गेलं. जिभेवरच्या पांढऱ्या थराचंही तसंच, तो चहाचा निघाला.

सरकारी आयसीटीसी केंद्रातल्या (एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन होतं तिथल्या) समुपदेशक ताईंनी मला जे सांगितलं ते मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय: ‘गोली रोज ले रहे हो ना? फिर गला मत देखो, तारीख देखो.’ लक्षणांवरून एचआयव्ही आहे किंवा नाही हे कुणालाच ठरवता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. ते चाचणीच ठरवते. नसेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी (ही विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं, दोन्ही शोधते) संसर्ग साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते. नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. दुसऱ्याच दिवशी चाचणी करून मिळालेला निगेटिव्ह कालच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणूनच मनाला तो पुरत नाही.

आता ही गोळी ९९ टक्के बचाव करते असं म्हणतात त्याबद्दल, कारण माझं मन महिनोन्‌महिने उरलेल्या एका टक्क्यात अडकून होतं. नियमित घेतली तर ही गोळी लैंगिक संबंधातून होणारा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी करते. याचा अर्थ शंभरातल्या एकाला लागण होते असा नाही. मूळ धोका जेवढा आहे, तो ९९ टक्क्यांनी घटतो. साथीदार पॉझिटिव्ह असेल, उपचार घेत नसेल आणि कंडोम नसेल, तर गुदसंभोगात आत घेणाऱ्याला एका वेळचा धोका दहा हजारांत साधारण १३८ धरतात. तो ९९ टक्क्यांनी कमी करा, दहा हजारांत दीडसुद्धा उरत नाही. आणि साथीदाराचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, औषधांनी न सापडण्याइतका खाली राहिलेला असेल, तर त्याच्याकडून संबंधातून लागण होतच नाही. हे गणित कागदावर मांडल्यावर मला त्या रात्री झोप लागली.

एखादी गोळी राहिली तर काय, हा माझा दुसरा घोर. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आयप्रेक्स अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात, आठवड्यात चार किंवा जास्त गोळ्यांइतकं औषध ज्यांच्या रक्तात होतं त्यांच्यात एकही लागण आढळली नाही. म्हणून एक गोळी हुकली तर सगळं संपलं असं नाही. योनीसंभोगात मात्र एवढी सूट धरू नये, तिथे रोजच घ्यावी लागते.

तपासण्या टाळू नका. सुरू करण्याआधी एचआयव्ही, क्रिएटिनिन (किडनीसाठी), हेपटायटिस बी आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठी). नंतर एचआयव्ही दर तीन महिन्यांनी आणि किडनीची डॉक्टर सांगतील तशी. बचावाला दोन औषधं पुरतात, उपचाराला बहुधा तीन लागतात. लागण झालेली असताना नकळत नुसती हीच गोळी चालू राहिली तर विषाणू तिला दाद देईनासा होऊ शकतो. हेपटायटिस बी असेल तर गोळी मनाने बंद करायची नाही, यकृताला सूज येऊ शकते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या सोबत घेण्याआधीही विचारा. सिफिलिस, गनोरिया यांपासून ही गोळी वाचवत नाही, त्यामुळे कंडोम आहेच.

खर्च माझा महिन्याला साधारण दोन हजार. त्रास झाला तो घेताना. एका केमिस्टने दुकान भरलेलं असताना ‘एड्सवाली दवाई?’ असं मोठ्याने विचारलं. औषध उपचारातही वापरतात म्हणून लेबलवर एचआयव्ही लिहिलेलं असतं, आणि ओल लागू नये म्हणून गोळ्या मूळ डबीतच ठेवायच्या असतात. एकत्र घरात राहणाऱ्याला हे सोपं नाही. माझी डबी ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असते. मी आता दवा बाजारातल्या ज्या दुकानातून घेतो, तिथले काका काही न विचारता कागदी पिशवीत घालून देतात, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

गोळी मी चालूच ठेवणार आहे. भीतीसाठी वेगळी मदत घेतली, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर, फोन फुकट असतो आणि मराठीतही बोलता येतं. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन. आणि गोळी न घेता धोक्याचा प्रसंग घडलाच असेल, तर हे सगळं वाचत बसू नका. पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. इंदुरात एमवाय हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्रीही डॉक्टर असतात.