गिट: पावसाळाभराच्या वापरानंतर

गिट म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन. त्याचा हा अनुभव लिहिण्याचे निमित्त म्हणजे नुकताच आमच्या कार्यालयात उडालेला गोंधळ. एका सहकाऱ्याने 'गिट रीसेट --हार्ड' ही काम जुन्या टप्प्यावर नेणारी आज्ञा दिली आणि त्या आठवड्यातल्या कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेले बदल, इतिहासातून नाहीशा झाल्या. 'गिट रीफ्लॉग' चालवल्यावर आपण आधी कोणकोणत्या कमिटवर होतो त्याची यादी मिळाली, हव्या त्या ओळीतला क्रमांक घेऊन नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढली आणि काम परत आले. अशा सुट्या पडलेल्या कमिटच्या नोंदी मूळ मांडणीप्रमाणे (डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे) ३० दिवस टिकतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नव्हते; जे बदल 'गिट ॲड'ने पुढच्या कमिटसाठी निवडलेही नव्हते, ते मात्र गेले ते गेलेच.

फोंड्यात बसून आम्ही देवस्थानांसाठी पावत्यांचा प्रोग्राम लिहितो. ॲड आणि कमिट अशा दोन पायऱ्या कशाला, एकीत का भागत नाही, अशी माझी सुरुवातीला सतत कुरकुर असे. पुढे अभिषेकाचे नवे दर आणि छपाईतील दुरुस्ती हे दोन्ही बदल एकाच फाइलीत येऊन बसले. 'गिट ॲड -पी' दिल्यावर गिट बदलाचा एकेक तुकडा दाखवून तो घ्यायचा की नाही हे विचारते. त्या आधारे दरांची आणि छपाईची कमिट वेगवेगळी करता आली. महाजनांच्या सभेने दरवाढ फेटाळली, तेव्हा 'गिट रिव्हर्ट'ने तेवढीच कमिट उलटवली आणि छपाईची दुरुस्ती जागेवर राहिली. कमिटपूर्वी तिच्यात जाणारे बदल दाखवणारे 'गिट डिफ --स्टेज्ड' वाचण्याची शिस्त मी आता सर्वांना लावली आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती क्षुल्लक आहे असे सहकारी म्हणतात, तरी मी ती सविस्तर मांडणार आहे. पावत्या मराठीत असल्यामुळे नमुन्यांच्या फाइलींची नावेही आम्ही मराठीतच ठेवली आहेत. बदललेल्या फाइलींची यादी देणारी 'गिट स्टेटस' ही आज्ञा दिल्यावर 'अभिषेक' हे नाव दिसायला हवे, तर तेथे अवतरणचिन्हांत ३४०, २४४, २०५ अशी आकड्यांची रांग येते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, आणि वेलांटी-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि गिट प्रत्येक बाइट अष्टमान (० ते ७ या) आकड्यांत छापते. म्हणजे 'अभिषेक' या चार अक्षरी नावासाठी तीन-तीन आकड्यांचे अठरा गट. कोणती पावती बदलली हे कळण्यासाठी फाइल उघडून पाहावी लागे. त्यावर 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' एवढा एका ओळीचा उपाय आहे, पण ही मांडणी क्लोनबरोबर (प्रकल्पाची प्रत उतरवून घेताना) येत नाही, ती प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागते. रोमन लिपीतील नावे जशीच्या तशी दाखवायची आणि आमच्या नावांचे आकडे करायचे, हा मूळ मांडणीतील भेद मला आजही खटकतो.

'चेकआउट'बद्दल थोडेच लिहितो. ब्रँच बदलणे आणि फाइलीतील बदल टाकून देणे ही दोन भिन्न कामे एकाच आज्ञेने होत असत; २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून त्यांच्यासाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' आहेत. नवशिक्याने थेट त्याच शिकाव्यात.

खर्चाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. लिनक्सच्या कर्नलसाठी (संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी) वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच साधनाचा फुकट परवाना काढून घेतला गेला, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. त्यामुळे काटकसर या साधनाच्या जन्मातच आहे असे मला वाटते. जून-जुलैत आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असतात, परंतु कमिट, लॉग, डिफ, ब्रँच हे सारे लॅपटॉपवरच चालत असल्याने काम अडले नाही. महिन्याचे शुल्क घेणारी सेवाही आम्ही घेतली नाही. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या संगणकावर 'गिट इनिट --बेअर'ने रिपॉझिटरी (कमिटचा सामायिक साठा) उभी केली आणि तिघेही कार्यालयातील वायरीवरून तेथेच पुश करतो, म्हणजे आपापल्या कमिट पाठवतो. कमिट म्हणजे बॅकअप नव्हे, पुश होईपर्यंत ती त्याच डिस्कवर असते, म्हणून संध्याकाळी पुश केल्याशिवाय कोणी उठत नाही. त्या संगणकाला भंगारवाला दोनशे रुपये द्यायला तयार होता.