जूनचे पैसे साठवायचे कुठे: भिशीत की आरडीत?

घरात शाळकरी मुलं असली की वर्षभराच्या काटकसरीची परीक्षा जूनमध्ये होते. फीचा पहिला हप्ता, गणवेशाचे दोन-दोन जोड, पी.टी.चे पांढरे बूट वेगळे, डझनाच्या हिशेबाने वह्या, रेनकोट, व्हॅनवाल्याचा ॲडव्हान्स. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, विनाअनुदानित शाळा असेल तर तीही यादीत चढतात. आमच्याकडे दोन मुलांचं हे सगळं मिळून २४,०००च्या घरात जातं. एका पगारातून एवढे निघणं कठीण. महिन्याला २,००० बाजूला टाकले तर जमतं, हे गणित सगळ्यांनाच येतं. अडतं ते पुढे. टाकायचे कुठे, की मे संपेपर्यंत ते जागचे हलणार नाहीत?

मी चिंचवडला कंपनीत आहे. आधी आमच्या कंपनीच्या बसमधल्या भिशीत होतो, आता बँकेत आरडी आहे. भिशी म्हणजे दर महिन्याला सगळ्यांनी सारखा हप्ता काढायचा आणि जमलेली सगळी रक्कम एकाने उचलायची, कुणी ते चिठ्ठी टाकून नाहीतर बोली लावून ठरतं. आरडी म्हणजे बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि मुदत संपली की व्याजासकट परत घ्यायची.

एक मात्र आधीच सांगतो, व्याजावरून हा निर्णय करू नका. महिना २,००० प्रमाणे वर्षाची आरडी साडेसहा टक्क्यांनी धरली तर व्याज साडेआठशेच्या आसपास येतं. म्हणजे एका पोराचे बूट. चिठ्ठीच्या भिशीत व्याज शून्य, पण आधी नंबर लागला तर बिनव्याजी उचल मिळाल्यासारखंच. एवढ्यातेवढ्या फरकासाठी कुणी इकडचं तिकडे करू नये.

माझं घोडं अडलं ते मे महिन्यावर.

आमच्या बसमधले भिशीचे बारा जण बहुतेक एकाच वयाचे. एकाच सुमाराला लागलेले, एकाच सुमाराला लग्नं झालेली, त्यामुळे पोरंही पहिली ते दहावीच्या आतबाहेरची. बारा जणांची भिशी, बारा महिने, आणि त्यात मे एकच. फेब्रुवारी संपला की बसमध्ये मनधरणी सुरू व्हायची. “साहेब, यंदाचा मे माझा धरा हं, धाकटीची ॲडमिशन आहे.” दुसऱ्याच्या मुलीची अकरावी, तिसऱ्याला शाळा बदलायची, चौथ्याची घरमालकाशी कटकट. सगळ्यांचं खरंच, आणि सगळ्यांचं एकाच महिन्यात. एका वर्षी मेची चिठ्ठी नेमकी बसमधल्या एका अविवाहित गड्याला लागली. तो ते पैसे घेऊन मित्रांबरोबर गोव्याला गेला. कुणी काही बोललं नाही, चिठ्ठी ती चिठ्ठी. पण त्या आठवड्यात बसमध्ये फार शांतता होती.

तुमची चिठ्ठी ऑक्टोबरात निघाली तर? पैसे येतात, अगदी वेळेवर येतात, फक्त दिवाळीच्या वेळेवर. २४,००० खात्यात आहेत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असताना ते पुढच्या जूनपर्यंत शाबूत ठेवणारं घर असेल, तर त्या घराला भिशीचीही गरज नाही आणि आरडीचीही.

मग आम्ही बोलीची भिशी केली, म्हणजे रकमेतले जास्तीत जास्त पैसे सोडायला जो तयार, त्या महिन्याची भिशी त्याची. म्हटलं, भांडण तरी मिटेल. भांडण मिटलं, पण मेला भाव आला. श्रावणात पाचशेवर सुटणारी बोली मेमध्ये ३,०००वर जायची. उचलणाऱ्याच्या हाती २१,०००, आणि वरचे ३,००० सगळ्यांत माणशी अडीचशे वाटून. ज्या खर्चासाठी भिशी लावली तो २४,०००चा, हातात पडले २१,०००, आणि पुढचे सात महिने हप्ता आहेच. बोलीच्या भिशीत कमावतो तो, ज्याला कसलीच घाई नसते. शाळकरी पोरांचा बाप त्यात बसत नाही.

आमची भिशी जानेवारीत सुरू व्हायची, म्हणून मे पाचवा यायचा. जूनपासून सुरू करू, म्हणजे मे शेवटचा येईल, असा तोडगा एकाने काढला होता. सगळ्यांना पटला. पण जून उजाडला तेव्हा पहिला हप्ता द्यायला कुणाकडेच पैसे नव्हते.

हे सगळं आमच्या भिशीबद्दल आहे, भिशी या प्रकाराबद्दल नाही, हेही तितकंच खरं. माझ्या बायकोची सोसायटीतली भिशी अजून चालू आहे आणि मस्त चालते. तिथे वयं मिसळलेली आहेत. दोन-तीन आज्यांना दिवाळीच्या आधी नंबर हवा असतो, एकीला कार्तिकीला पंढरपूरला जायचं असतं, एका नव्या सुनेला डिसेंबर हवा असतो कारण माहेरी लग्न. तिथे मे मागणारी ही एकटी, आणि हिला तो न भांडता मिळतो. ज्यांची निकड वेगवेगळ्या महिन्यांत आहे अशा माणसांची भिशी असेल तर तिच्यासारखी सोय नाही. फक्त भिशी आपल्या घरी असेल त्या महिन्यात साबुदाणेवडे नि चहा यांचा खर्च हप्त्यात धरत चला. तो कुणी धरत नाही.

आणि भिशीची एक गोष्ट आरडीला कधीच जमणार नाही. भिशीचा हप्ता चुकवता येत नाही. रोज ज्यांच्या शेजारी बसून कामाला जायचं, त्यांना “या महिन्यात नाही जमलं” हे तोंड वर करून सांगावं लागतं. त्या लाजेनेच निम्मी बचत होते.

आरडीत लाजायला समोर कुणी नसतं. रात्री अकरा वाजता मोबाइलवर दोन-तीन बटणं दाबली की आरडी मोडते, पैसे खात्यात. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज थोडं कापतात, पण मुळात व्याजच साडेआठशे, त्यातून कापणार किती! त्या दंडाला कुणी भीत नाही. आमच्या ओळखीत दर वर्षी मे महिन्यात आरडी असणारी जितकी माणसं आहेत, तितकीच मार्चमध्ये ती मोडलेली आहेत. यावर आम्ही केलं ते एवढंच: आरडी दोघांच्या नावावर, आणि मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतील अशी. ती मोबाइलवरून मोडत नाही. शाखेत दोघांनी जायचं, म्हणजे एकाने अर्धी रजा टाकायची. त्यात आधी घरात बसून “कशासाठी मोडायची” यावर बोलणं होतं, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. सगळ्या बँका हे सहज करून देतील असं नाही. काउंटरवर “ऑनलाइनच काढा ना, सोपं पडतं” असं सांगतील. सोपं नकोच आहे, असं सांगायचं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत विम्याखाली येते. ही मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून वाढवली. पतसंस्थेला हा विमा नाही. भिशीला तर काहीच नाही. भिशीसारख्याच चिट फंडाचा कायदा १९८२चा आहे आणि त्यात नोंदणी वगैरे सगळं आहे, पण बसमधल्या भिशीची नोंदणी कोण करतो? कुणी नंबर उचलून नोकरी सोडून गेला तर दाखवायला वहीतलं एक पान. आमच्याकडे असं झालं नाही, पण वही चालवणाऱ्याच्या डोक्याला तो घोर कायम असायचा.

पोस्टाच्या आरडीबद्दलही विचारतात. चांगलीच आहे, पण ती पाच वर्षांची असते, त्यामुळे दर जूनच्या कामाची नाही. पोरगं पाचवीत असताना उघडलीत तर दहावी संपता संपता हातात येईल आणि अकरावीच्या खर्चाला उपयोगी पडेल, तेव्हा तिचा विचार तसा करा. आणि ज्यांचं उत्पन्न रोजच्या गल्ल्यातून येतं, दुकान, रिक्षा, वडापावची गाडी, त्यांनी माझं हे सगळं बाजूला ठेवून पिग्मी बघावी. महिन्याच्या ठरावीक तारखेला दोन हजार काढण्यापेक्षा दारात येणाऱ्या एजंटाच्या हातावर रोज ऐंशी-शंभर ठेवणं त्यांना सोपं जातं. शक्यतो बँकेची पिग्मी घ्या. कारण वर विम्याच्या ठिकाणी आलंच आहे.

तुम्ही ठरवत असाल तर आधी भिशीतल्या माणसांची यादी डोळ्यांखालून घाला. त्यात निवृत्त, बिनलग्नाचे, मोठी पोरं असलेले निम्मे तरी असतील तर खुशाल राहा आणि मे आत्ताच मागून ठेवा. सगळे तुमच्यासारखेच दप्तरवाले असतील तर माझं मत आरडीकडे झुकतं. भिशीत मे मिळवावा लागतो, आरडीत तो आपोआप येतो, निदान मला तरी हे पुरलं.

आरडी उघडाल तेव्हा तारखेकडे लक्ष द्या, कारण पुढचे हप्ते बहुधा त्याच तारखेला कापले जातात. पगार सातला होत असेल तर दहाच्या आधी उघडू नका, नाहीतर दर महिन्याला खात्यात पैसे येण्याआधी हप्ता येऊन परत जाईल. राज्य मंडळाच्या शाळेसाठी मेच्या दुसऱ्या आठवड्यात उघडली की पुढच्या मेमध्ये मुदत भरते, गणवेशाच्या दुकानात गर्दी व्हायच्या आत. सीबीएसईवाल्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांनी मार्चच्या मध्यावर उघडावी.