कॅस्केड डिलीट: एकेका नात्यावर बंदी की सरसकट?

एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये (डॉटनेट ॲपमधून डेटाबेस हाताळायची लायब्ररी) फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना, बंधनकारक असली की कॅस्केड, म्हणजे मूळ ओळीबरोबर तिला जोडलेल्या ओळीही उडणं, आपोआप चालू होतं. ग्राहक उडवला की त्याची बिलंही गेली! हे थांबवायचे दोन मार्ग: प्रत्येक नात्यावर ‘ऑनडिलीट’मध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ (जोडलेल्या ओळी असतील तर मूळ ओळ उडवू न देणं) लिहायचं, किंवा टेबलांची नाती ठरवणाऱ्या ‘ऑनमॉडेलक्रिएटिंग’ मेथडच्या शेवटी लूप फिरवून सगळ्या फॉरेन कींना ते एकदम लावायचं.

मेहनत लूपमध्ये कमी, हे उघडच आहे. नवं टेबल आलं तरी त्याला बंदी लागते; हाताने लिहिताना एक ओळ राहिली की कॅस्केड गुपचूप परत. एसक्यूएल सर्व्हरची ‘मल्टिपल कॅस्केड पाथ्स’वाल्या (एकाच टेबलापर्यंत कॅस्केडच्या अनेक वाटा) 1785 क्रमांकाच्या एररची कटकटही लूपने मिटते. पण लूप आंधळा. बिलातल्या नगांवर तुम्ही मुद्दाम ठेवलेलं कॅस्केडही तो पुसतो, शिवाय ‘इजओनरशिप’ तपासून ओन्ड टाइप (मालक एंटिटीशिवाय स्वतंत्र अस्तित्व नसलेले) वगळावे लागतात. वाचायला मात्र हाताने लिहिलेलंच बरं, हेतू जागेवर दिसतो. मायग्रेशन (हा बदल प्रत्यक्ष डेटाबेसला लावणं) दोन्हीकडे लागतंच.

पाच-सात टेबलांचं ॲप असेल तर हाताने लिहा. हिशेबाचा, वाढत जाणारा डेटा असेल तर लूप लावा आणि हवे ते अपवाद त्याच्या खाली लिहा.